हेलिकॉप्टरलाही अख्खं गुंडाळलं नव्हतं

भाच्याने पाचोऱ्यात नवी गाडी घेतली. पेढे पोचायच्या आधी त्याचा मेसेज पोचला: "मामा, हे वाचा आणि लवकर सांगा, उद्या पैसे भरायचेत." खाली तोच फॉरवर्ड, जो गेल्या वर्षभरात माझ्याकडे चार वेगवेगळ्या ग्रुपमधून आला आहे. मजकूर थोडक्यात असा: नवी गाडी शोरूममधून घरी नेऊच नका, थेट पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म) करायला न्या. रंगावर कवच बसतं, दगड लागला तरी काही होत नाही. ओरखडे आपोआप भरून येतात. सैन्याच्या हेलिकॉप्टरला हीच फिल्म लावतात. खान्देशातल्या उन्हात रंग उडत नाही. दहा वर्षांची वॉरंटी. आणि विकताना सगळे पैसे वसूल. शेवटी ठेवणीतलं वाक्य: दहा लाखांची गाडी घेता, मग लाखभरासाठी कसला विचार करता?

विचार करायचा तो लाखभराचाच. गाडीचे पैसे तर देऊन झालेत.

आधी माझी बाजू सांगतो, म्हणजे मी फिल्मचा दुश्मन आहे असं कुणाला वाटायला नको. जळगाव-धुळे हा रस्ता मी आठवड्यातून तीनदा करतो. पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग सहा, आताचा 53. तरसोद ते फागणे चौपदरीकरण किती वर्षं रेंगाळलं हे या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. त्या काळात पहिल्या दोन वर्षांत माझ्या बॉनेटवर 23 टवके उडाले. एका रविवारी बसून मोजले आहेत. नंतर समोरचा भाग रंगवून घेतला आणि दोनेक महिन्यांनी तेवढ्यावरच फिल्म लावली. चार वर्षं झाली, ती अजून आहे.

हेलिकॉप्टरपासून सुरुवात करतो, कारण फॉरवर्डमधलं हे वाक्य सगळ्यात जास्त खरं आहे आणि तेच त्याच्या अंगलट येतं. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याच्या हेलिकॉप्टरची पाती वाळू आणि दगडगोट्यांनी झिजायची, म्हणून थ्रीएम कंपनीने पॉलियुरेथेनची फिल्म काढली. आज गाडीवर लावतात ती तिचीच नात-पणती. पण ती लावायची कुठे? पात्याच्या पुढच्या कडेला, जिथे मार बसतो तिथे. अख्खं हेलिकॉप्टर कुणी गुंडाळून ठेवलं नव्हतं. गाडीत पात्याची कड म्हणजे पुढचा बंपर, बॉनेट, दोन्ही आरसे, हेडलाइट आणि फार तर चाकांमागचा दारांचा खालचा पट्टा. छपराला आणि डिकीला समोरून दगड कोण मारणार?

"दगड लागला तरी काही होत नाही." होतं, पण फिल्मला होतं. कंपनीतून आलेला गाडीचा सगळा रंग मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो आणि त्यातला वरचा चकाकणारा क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनचा. चांगली फिल्म 150 ते 200 मायक्रॉनची. म्हणजे रंगाहून जाड, शिवाय रबरासारखी मऊ, त्यामुळे खडीचा मार ती गिळते. गेल्या उन्हाळ्यात पारोळ्याच्या अलीकडे खडीचा डंपर पुढे होता. ताडपत्री अर्थातच नव्हती. ओव्हरटेक करायच्या नादात मी जवळ गेलो आणि टक्‌ असा आवाज आला. पुढे चहाच्या टपरीवर थांबून बोट फिरवलं, तर फिल्मवर नखाने खरवडल्यासारखी चंद्रकोर होती. खालचा रंग शाबूत. ती चंद्रकोर मात्र भरून आली नाही. आता तिच्यात धूळ बसून काळा ठिपका झालाय. पण ठिपका फिल्मवर आहे, पत्रा गंजत नाही, एवढ्यासाठीच तर पैसे दिले होते.

आणि पोचा? 0.2 मिलिमीटरची फिल्म पोचा थांबवत नाही. बाजारात मोटरसायकलचं हँडल दाराला टेकलं किंवा बैलाने शिंग लावलं, तर पत्रा आत जाणारच, फिल्मसकट.

"ओरखडे आपोआप भरतात." प्रदर्शनात स्टॉलवाला तारेचा ब्रश घासतो, वर गरम पाणी ओततो, रेघा गायब होतात आणि बघणारे टाळ्या वाजवायच्या बेतात येतात. तो प्रकार खोटा नाही. फिल्मच्या अगदी वरच्या थराला उष्णता मिळाली की तो सैल होऊन सपाट होतो. फडक्याने पुसताना पडतात त्या बारीक जाळ्या तेवढ्यात जातात. आपल्याकडे तर गरम पाणीही नको, मे महिन्यात भुसावळला गाडी तासभर उन्हात ठेवली की काम झालं. पण थर कापला गेला की उष्णता काहीच करू शकत नाही. शेताकडे जाणाऱ्या पांदीत समोरून पऱ्हाट्या भरलेली ट्रॉली आली, तुम्ही गाडी बांधाकडे दाबली आणि दोन्ही बाजूंनी करकर झालं, की वाळलेल्या पऱ्हाटीचं टोक आणि बाभळीचा काटा दोघंही फिल्मला चिरा पाडतात. तरी रोज शेतात गाडी नेणाऱ्याने दारांना फिल्म लावली तर मी हसणार नाही. तिथे मार कडेने बसतो, म्हणून कवचही कडेला हवं. माझा चुलतभाऊ म्हणतो, शेतात न्यायची गाडी आणि तिच्या रंगाची काळजी, दोन्ही एकत्र कशाला? त्याचंही बरोबर आहे.

याच मुद्द्यात आणखी एक घोळ आहे. सगळ्याच फिल्म भरून येणाऱ्या नसतात. टीपीयू म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, ती महाग. टीपीएच नावाने मिळते ती मुळात पीव्हीसीच, मऊ राहावी म्हणून तिच्यात तेलकट रसायन घातलेलं असतं. उन्हात ते रसायन उडून जातं, फिल्म पिवळी पडते, कडक होते, निघताना तुकडे तुकडे होऊन निघते. "अर्ध्या किमतीत फुल बॉडी" असं कुणी म्हणालं की बहुतेक वेळा हेच असतं. दुकानात तुकडा मागा आणि ताणा. टीपीयू ताणून सोडली की बरीचशी जागेवर येते. पीव्हीसी ताणली की ताणलेलीच राहते.

"उन्हात रंग उडत नाही." चाळीस-पंचेचाळीस अंश हा आमच्याकडे बातमीचा विषय नाही, त्यामुळे हा मुद्दा इथे सगळ्यात जास्त खपतो. फिल्ममध्ये अतिनील किरण अडवणारे घटक असतात हे खरं. पण तेच घटक कंपनीच्या क्लिअर कोटमध्येही असतात. जुन्या गाड्या, त्यातही लाल, खडूसारख्या पांढुरक्या व्हायच्या, कारण पुष्कळांवर वरचा पारदर्शक थरच नसायचा. आजच्या गाडीचं छप्पर पाच वर्षांत उडालं, तर ती बहुतेक वेळा गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेली असते. शिवाय ऊन फिल्मलाही खातंच. काळ्या गाडीच्या छपराला मे महिन्यात दुपारी दोनला हात लावून बघा, भाकरी टाकता येईल. त्या तापात फिल्मचं वय रंगापेक्षा लवकर सरतं आणि मग पैसे देऊन ती काढून घ्यावी लागते. उन्हाचा खरा फटका बसतो हेडलाइटला. पॉलिकार्बोनेटची काच पिवळी धुरकट होते आणि रात्री उजेड कमी पडतो. तिथे फिल्म लावणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी भाग आहे. आश्चर्य म्हणजे फॉरवर्डमध्ये हेडलाइटचं नावही नाही.

बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग, पक्ष्यांची घाण, कडुलिंबाखालचा चिकटा, रावेर-सावद्याकडे केळीच्या घडांच्या गाड्यांमागून जाताना उडणारा चीक, हे सगळं फिल्मवरही बसतं. त्याच दिवशी पुसलं तर जातं, आठवडाभर ठेवलं तर राहतं. रंगाचंही तसंच. फिल्म लावली म्हणून बादली-फडकं सुटत नाही.

"दहा वर्षांची वॉरंटी." कार्ड उलटून मागचं बारीक अक्षर वाचा. पिवळी पडणं, तडे जाणं, फुगे येणं, कडा सुटणं, साधारण एवढंच त्यात असतं. दगडाने कापली, कुणी घासलं, अपघात झाला, तर नाही. बऱ्याच कार्डांत ठरावीक मुदतीने गाडी दाखवायला नेण्याची अट असते. ती एकदा चुकली की विषय संपला. रोलवरचा क्रमांक कार्डावर आणि जीएसटीच्या बिलावर नसेल, तर ते कार्ड लग्नाच्या जुन्या पत्रिकेइतकंच उपयोगी. तेव्हा दहाचा आकडा सोडा. पाच ते सात वर्षं फिल्म स्वच्छ राहिली तर पैसे फिटले असं मी धरतो.

लावणाऱ्या हाताबद्दल फॉरवर्ड अवाक्षर काढत नाही, आणि अर्धा खेळ तिथेच आहे. माझ्या एका मित्राने नव्या कोऱ्या गाडीला पूर्ण फिल्म लावली. दोन वर्षांनी छोटा अपघात झाला, दाराची फिल्म काढावी लागली, तर कडेने पट्टीने आखावी तशी सरळ बारीक रेघ आणि तिच्यात तांबूस गंज. कारागिराने फिल्म गाडीवरच ठेवून ब्लेडने कापली होती, ब्लेड रंग चिरून पत्र्यापर्यंत गेलं होतं. ज्या रंगाला ओरखडा नको म्हणून लाख रुपये घातले, त्याला पहिला ओरखडा तिथेच पडला. म्हणून विचारायचा पहिला प्रश्न: फिल्म मशीनवर गाडीच्या मापाने कापून आणता, की गाडीवर कापता? दुसरा: खोली बंद आहे का? रस्त्याकडेच्या शटरमध्ये आपली धूळ फिल्मखाली जाऊन बसते आणि मग फिल्म असेपर्यंत तिथेच राहते.

जुनी गाडी असेल तर आणखी जपा. कंपनीचा रंग साधारण 140 अंशांच्या भट्टीत भाजलेला असतो. गॅरेजचा रंग तितका घट्ट बसत नाही. अशा पत्र्यावरून फिल्म ओढली की रंगाचा पापुद्राही सोबत येऊ शकतो. माझ्या बॉनेटचं काय होईल ते फिल्म काढायची वेळ आल्यावर कळेल.

"विकताना पैसे वसूल." जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारे हल्ली रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन येतात. ते पत्र्यापासूनचं अंतर मोजतं. फिल्मवर लावलं की 300 च्या आसपास आकडा येतो आणि समोरचा म्हणतो, "ही ठोकून रंगवलीय." मग तुम्ही बिल शोधायला कपाट उघडता. चकचकीत गाडी लवकर विकली जाते हे मान्य, पण लाखाचे लाख परत देणारा गिऱ्हाईक मला जळगावात अजून भेटलेला नाही.

विम्याचं गणित तर कुणी काढतच नाही. पॉलिसी कंपनीतून निघालेल्या गाडीची असते. नंतर लावलेली फिल्म आधी नोंदवली नसेल तर क्लेममध्ये तिचे पैसे सहसा धरत नाहीत. उलट रंगाचा खर्च विमा देतो: साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीतही घसारा रंगाच्या मालावर 50 टक्के लागतो आणि एकत्र बिलात माल एकूण रंगकामाच्या 25 टक्के धरतात. म्हणजे कपात आठव्या हिश्शाची, शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1000 रुपये सक्तीचे स्वतःचे. क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो, म्हणून एका बंपरसाठी मी करणार नाही. पण आमच्याकडे एक बंपर रंगवायला चार-पाच हजार लागतात. लाखात असे किती बंपर बसतात ते मोजा.

भाच्याला पूर्ण गाडीचे 1 लाख 10 हजार सांगितले होते. मी म्हणालो, तू पाचोरा-जळगाव रोज करतोस, समोरचा भाग, आरसे आणि हेडलाइट कर, बाकी सोड. ते 32 हजारांत ठरलं, जीएसटीसकट, मशीनवर कापून. डंपरमागे अंतर ठेवायला पैसे लागत नाहीत हेही सांगितलं. तेवढं त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

उरलेल्या पैशांत तो अंगणात शेड टाकतोय. काल फोन आला: "मामा, पत्रा निळा घेऊ की पांढरा?" पांढरा घे म्हटलं, कमी तापतो.