कॉन्सर्टला निघालात? आधी काकांना फोन लावा

परदेशी बँड मुंबईत येणार असं जाहीर झालं की पहिलं पथ्य पाळायचं: त्यांची गाणी ऐकत बसायचं नाही. त्याला पुढे भरपूर वेळ आहे. बोरघाटात दोन कंटेनरच्या मधे गाडी उभी राहील तेव्हा सगळे अल्बम ऐकून होतात. आत्ता हातात असलेला वेळ घरातले मोबाईल गोळा करण्यात घालवा. स्वतःचा, बायकोचा, आईचा, आणि शेजारच्या पोराला चॉकलेट कबूल करून त्याचाही.

गंमत वाटते? मग २२ सप्टेंबर २०२४ आठवा. त्या रविवारी दुपारी १२ वाजता कोल्डप्ले या ब्रिटिश बँडची तिकिटं ऑनलाइन निघाली आणि कोटीच्या वर लोक एकदम तुटून पडले. कार्यक्रम जिथे होणार ते नवी मुंबईतलं नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम क्रिकेटच्या हिशोबाने ५५ हजारांच्या आसपासचं. गणित कच्चं असेल तरच रांगेत उभे राहा. पडद्यावर आकडा दिसतो, तुमच्या पुढे इतके लाख माणसं आहेत म्हणून. रेशनच्या रांगेत निदान पुढच्याला 'सरका हो जरा' म्हणता येतं, इथे आकड्याला काय म्हणणार? जेवायला उठायचं नाही, पान रिफ्रेश करायचं नाही, चार्जर काढायचा नाही. आई ताट तिथेच आणून देईल. तिला वाटतं, पोराची परीक्षा आहे.

१८ आणि १९ जानेवारीची तिकिटं संपली म्हणून रडू फुटेल, तेवढ्यात २१ची तारीख जाहीर होईल. लगेच आनंदाने नाचू नका, तीही संपते. मग दोन मार्ग उरतात. पहिला, तिकिटांची फेरविक्री करणाऱ्या साइट्सचा. तिथे काही तासांतच तीच तिकिटं लाखाच्या भाषेत बोलू लागली होती. पुढे मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशीही लावली, तेव्हा या मार्गाला सरकारी पातळीवर दखल मिळाली आहे असं समजायला हरकत नाही. दुसरा मार्ग अस्सल मराठी, वशिल्याचा. प्रत्येकाच्या ओळखीत एक माणूस असतो, त्याच्या ओळखीत एक माणूस असतो आणि त्याच्याकडे 'पास' असतात. तो पैसे मागत नाही, फक्त आधार कार्डाचा फोटो मागतो. द्या. कॉन्सर्टच्या आदल्या रात्री त्याचा फोन लागणार नाही, पण माणूस चांगला आहे.

समजा, नशिबाने ६,४५० रुपयांचं उभं राहायचं तिकीट मिळालं. (२,५००पासून ३५,०००पर्यंत दर होते. ३५,०००वाले हा लेख वाचत नाहीत.) वर सुविधा शुल्क. आपल्या घरी, आपल्या वायफायवर, आपल्या मोबाईलवर चार तास ताटकळल्याबद्दल त्यांना झालेल्या सुविधेचं ते शुल्क असतं. त्यावर १८ टक्के जीएसटी.

आता मुक्काम. हॉटेलचा विचार मनात आणू नका. वाशी-नेरूळच्या हॉटेलवाल्यांना दौऱ्याची खबर तुमच्या आधी लागलेली असते, आणि एका रात्रीचं भाडं ऐकून तिकीट स्वस्त वाटायला लागतं. आपण साताऱ्याची माणसं. नवी मुंबईत आपलं कोणी नाही असं होऊच शकत नाही. घाऊक बाजार मुंबईतून तुर्भ्याला हलले तशी साताऱ्या-पाटणकडची माथाडी कुटुंबं कोपरखैरणे-घणसोलीत वसली. प्रत्येकाचा एक चुलतकाका तिथे असतोच. कांदा-बटाटा मार्केटात उभा जन्म पोती वाहिलेली, खांदा एका बाजूला किंचित उतरलेला. तुमच्या लग्नाची पत्रिका त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर गेली होती, तीही हळदीच्या दिवशी. असू द्या. फोन लावा. पण तयारी ठेवा, कारण पलीकडून असा आवाज येतो :

"कोण गेलं रं?"

"कोणी नाही काका. सहज केला."

"सहज?" मग बराच वेळ शांतता. "आण्णा बरा हाय न्हवं?"

वडील ठणठणीत आहेत याची खात्री पटल्यावरच मूळ विषय काढावा. गाण्याचा कार्यक्रम आहे म्हणालात तर कोण गाणार विचारतील. इंग्रजी आहे म्हणालात तर "तुला कळतंया?" असं विचारतील. इथे अडकू नका, सरळ तिकिटाच्या प्रश्नावर या, कारण तो येणारच. उत्तर पाठ करून ठेवा : साडेचारशे. हे खोटं नाही. ६,४५० या रकमेत साडेचारशे येतात. काकांना तेही जास्तच वाटतील, पण "ये की, घर तुजंच हाय" म्हणतील आणि फोन ठेवल्यावर काकूला कॉटवरची पेटी हलवायला सांगतील. जाताना अर्धा किलो कंदी पेढे न्या. एक किलो नेलेत तर संशय येतो.

प्रवासाबद्दल फार लिहीत नाही. एसटीने आलात तर घाटात अडकाल, स्वतःच्या गाडीने आलात तर घाटात अडकून वर पार्किंग शोधाल. कोपरखैरणेहून नेरूळला ट्रान्स-हार्बरची लोकल सरळ जाते, तुर्भे, जुईनगर, नेरूळ. म्हणूनच तुम्ही ती पकडणार नाही. इतके पैसे खर्चून लोकलने जायचं? कॅब बोलवा. सायन-पनवेल रस्त्यावर, स्टेडियम डोळ्यांसमोर दिसत असताना, कॅबमध्ये घालवलेला तो वेळ फोटोसाठी चांगला असतो. रविवारचं तिकीट असेल तर मात्र मेगाब्लॉकची सबब आयतीच मिळते. १९ जानेवारी २०२५ रविवारच होता.

गेटवर पाण्याची बाटली काढून घेतात. सुट्टी नाणी काढून घेतात. कोणाला फेकून मारू नयेत म्हणून, हे ठीक. पण आत पाण्याची बाटली विकत घेताना सुटे नसतात तेव्हा आठवण येते. काकूने डब्यात दिलेल्या दशम्यांचं काय होतं ते मी सांगत नाही. गेटजवळच्या त्या ढिगात त्या सापडतील, सेल्फी स्टिकच्या खाली आणि कोणाच्या तरी परफ्यूमच्या वर.

आत गेल्यावर पुढे घुसायचं नाही. पुढे कोणी तरी आहेच, आणि तो उंच आहे. दिवे मालवले की तो हात वर करून मोबाईल धरेल, आणि तुम्हाला स्टेज त्याच्या मोबाईलमध्ये दिसेल. तुम्ही तुमचा मोबाईल वर करून त्याच्या मोबाईलचं चित्रीकरण करा. तुमच्या मागचा तुमचं करतोय. अशा रीतीने ते गाणं शेवटच्या रांगेपर्यंत हातोहात पोहोचतं. शेजारी एक गृहस्थ असतील, त्यांना टाळा. ते २०१६ला बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात होते. ८ नोव्हेंबरला नोटा रद्द झाल्या, १९ला कोल्डप्ले गायलं, आणि खिशात शंभराच्या दोनच नोटा असताना आपण कसे गेलो हे ते दोन गाण्यांच्या मधे सांगतात. कधी कधी गाण्याच्या मधेही.

मनगटाला एक पट्टा देतात. तो आपोआप रंग बदलतो आणि सगळं स्टेडियम एकाच वेळी चमकतं. हे खरंच सुंदर दिसतं, यात उपरोध नाही. निघताना तो परत करायचा असतो. कुठल्या शहराने किती टक्के परत केले याची यादीसुद्धा हा बँड पडद्यावर दाखवतो. तुम्ही अर्थातच बाहीखाली सरकवून घरी आणा. घरी तो पेटत नाही. पेटवणारी यंत्रणा त्यांच्याकडे असते, तुमच्याकडे नुसता पट्टा. तरी शोकेसमध्ये ठेवता येतो, दुसरीतल्या पोराच्या धावण्याच्या कपाशेजारी.

रात्री दहाचं भान ठेवा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत आणि दहानंतर लाउडस्पीकर बंद. गणपतीत सूट मिळते तशी इथे मिळेल या भरवशावर राहू नका. त्यामुळे काय होतं, की हजारो माणसं एकाच मिनिटाला गेटाबाहेर येतात आणि सगळ्यांना एकच रिक्षा हवी असते. रिक्षावाले दादा मीटरकडे बघतही नाहीत. ते तुमच्या टी-शर्टकडे बघून भाडं सांगतात. टी-शर्टवर बँडचं नाव असेल तर शंभर जास्त. चालत नेरूळ स्टेशनला निघा. वाटेत घरून बहिणीचा फोन येईल, काय काय गायले विचारायला. सांगताना जपून. पुढे २६ जानेवारीचा अहमदाबादचा कार्यक्रम हॉटस्टारवर थेट दाखवतात. म्हणजे ती तो पोहे खात बघणार याची दाट शक्यता आहे, गायकाच्या कपाळावरचा घाम दिसेल इतक्या जवळून. तुम्हाला मिळालेला अनुभव वेगळाच होता, एवढंच सांगा. विषय बदला.

काकांकडे पोहोचाल तेव्हा मध्यरात्र उलटलेली असेल. दार उघडंच असतं. ते पहाटे गाडी खाली करायला मार्केटात जातात, तेव्हा तुम्ही आडवे व्हाल तेव्हा ते उठतील. चहाच्या कपाआडून एवढंच विचारतील, "झालं का गाणं?" तुम्हाला वाटेल, सुटलो. पण शेजारच्या खोलीतलं पोरगं त्या दिवशी स्टेडियमच्या गेटवर सिक्युरिटीला होतं, रोजंदारीवर, आणि कुठल्या गेटचं तिकीट कितीचं हे त्याला तोंडपाठ आहे. तुम्ही झोपेत असताना काकांची आणि त्याची नळावर गाठ पडते.

काका तुम्हाला काही बोलणार नाहीत. पाहुण्याला बोलायची पद्धत नाही त्यांच्याकडे. उरलेले पेढेही बांधून देतील. तुम्ही साताऱ्यात उतराल, मनगटाला अजून तो पट्टा असेल, आणि ओसरीवर वडील चष्मा पुसत बसलेले असतील.

"कोपरखैरण्यास्नं फोन आलता," ते म्हणतील. "साडेचारशेच्या आधीचे सहा हजार कुठं सांडले?"