विषयपत्रिकेविना सोमवारची बैठक
दर सोमवारी अकराची आढावा बैठक साडेअकराला सुरू होते, आणि जे आकडे आम्ही शुक्रवारीच ईमेलने पाठवलेले असतात, तेच बारा जणांसमोर पुन्हा वाचून दाखवले जातात. दीड तास आणि बारा माणसे, म्हणजे कामाचे १८ तास बुडाले! कंपनी कायदा, २०१३ नुसार संचालक मंडळाच्या बैठकीची सूचना साधारणपणे किमान ७ दिवस आधी द्यावी लागते आणि इतिवृत्त ३० दिवसांत नोंदवावे लागते. मग आम्ही आदल्या दिवशी चार ओळींची विषयपत्रिका आणि बैठकीनंतर कोणी, काय, केव्हापर्यंत करायचे याची नोंद मागितली तर ते जास्त कसे होते? गेल्या महिन्यात ठरलेली पुरवठादाराची निवड, कोणीच लिहून न ठेवल्यामुळे, काल तिसऱ्यांदा चर्चेला आली.