फ्रीजमध्ये जंतू मरत नाहीत

‘फ्रीजच्या थंडीत जंतू मरतात, उरलेसुरले पोटातल्या आम्लात जळतात, वास येत नसेल तर तीन दिवसांचं अन्नही बिनधास्त खा.’ पुण्यातल्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज सातवा महिना असलेल्या गरोदर भाचीपर्यंत पोचला. आता गप्प बसवत नाही.

आधी थंडी. 4 अंशांना बहुतेक जंतूंची वाढ मंदावते, एवढं मान्य. पण मरत नाहीत. 2025च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याकडे जीबीएसची, म्हणजे नसांवर घाला घालणाऱ्या गियाँ-बारे आजाराची साथ आली, तेव्हा तो आजार मागे लावू शकणाऱ्या कॅम्पायलोबॅक्टर जंतूचं नाव घरोघर पोचलं. तो 30 अंशांखाली वाढत नाही, तरी फ्रीजमधल्या कच्च्या चिकनवर जिवंत राहतो. लिस्टेरिया तर फ्रीजमध्ये चक्क वाढतो. फक्त तिथे त्याची हत्यारं म्यान असतात.

ती उपसली कशी जातात, हे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या गटाने 2002मध्ये दाखवलं. रोगकारक जनुकं चालू करणारं लिस्टेरियाचं प्रथिन म्हणजे पीआरएफए. ते बनवायची कृती वाहून नेणाऱ्या संदेशवाहक आरएनएचं पुढचं टोक 30 अंशांना स्वतःवरच दुमडलेलं असतं. प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमने बसायची जागा त्या घडीत झाकली जाते, प्रथिन जेमतेम बनतं. 37 अंशांना, म्हणजे आपल्या अंगात, घडी उलगडते. संशोधकांनी ती मुद्दाम सैल केली, तर 30 अंशांना वाढवलेला जंतूही पेशींत जास्त घुसू लागला!

आम्लाचं म्हणाल तर, काही जंतूंना ते उलट कामीच येतं. आपली पेशी लिस्टेरियाला गिळून ज्या पिशवीत कोंडते ती आम्लधर्मी होते, आणि त्याच आम्लात त्याचं लिस्टेरियोलायसिन हे विष जोमाने पिशवीला भोकं पाडतं. साल्मोनेलाही अशा पिशवीतल्या आम्लावरूनच आत पोचल्याचं ओळखतो. शिवाय रोज ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांच्या पोटात आम्ल असतं तरी किती?

वासाबद्दल एवढंच: अन्न नासवणारे जंतू वेगळे, आजारी पाडणारे वेगळे.

गरोदर बाईला लिस्टेरियाने कधी कधी नुसता ताप, अंगदुखी होते. बाळ मात्र पोटातच दगावू शकतं. लक्षणं दिसायला 70 दिवसही लागू शकतात, तोवर कुठलं पनीर खाल्लं होतं ते कोणाला आठवणार?

तिने फ्रीजमधली भाजी, वरण, पनीर आतपर्यंत निदान 70 अंशांना 2 मिनिटं तापवूनच खावं. मायक्रोवेव्हमध्ये मधेच थांबवून ढवळावं. कडेला चटका बसतो तेव्हाही मधला घास कोमटच असतो.