'गॅस भरायची गरज नाही' असं सांगणारा माणूस

कूलर, एसी, फ्रिज, गीझर दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून आपण नेमकं काय विकत घेतो, यावर आज जरा सविस्तर लिहायचंय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

माझं मत आधीच सांगते. त्याच्याकडची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे त्याचं निदान. 'यात काही बदलायची गरज नाही' हे वाक्य जो माणूस समोरच्याला सांगू शकतो, तो आपले हजारो रुपये वाचवतो. आणि नेमकं त्याच वाक्याचे पैसे द्यायला आपण का-कू करतो. गॅस भरला म्हटलं की अडीच-तीन हजार निमूट काढून देतो, कारण सिलिंडर दिसतो, मीटर लावलेला दिसतो. नुसतं बघून 'मशीन ठीक आहे' म्हणणाऱ्याला मात्र, 'तुम्ही तर काहीच केलं नाही, मग पैसे कसले?' असं विचारतो. या सवयीनेच धंद्यातली सरळ माणसं मागे पडतात, असं माझं ठाम मत झालंय. हे मत झालं ते आमच्या भागातल्या एका दुकानदारामुळे. त्यांना मी भाऊ म्हणते, इथेही तेवढंच लिहिते.

मी नागपूरची. इथे होळी आटोपली की घराघरांत कूलर बाहेर निघतात आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक दिवस, येईपर्यंत पारा ४५ च्या पुढे गेलेला असतो. अशा गावात एसी बंद पडणं म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या जिवाशी गाठ. आमच्याकडे सासूबाई आहेत, रक्तदाबाचा त्रास आहे. त्यामुळे दर उन्हाळ्यात एसीची हवा कमी झाली की मी घाबरून फोन करायचे, एका सर्व्हिस कंपनीची मुलं यायची, 'गॅस संपला' म्हणायची, भरून जायची. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

मग शेजारच्या काकूंनी भाऊंना बोलवायला सांगितलं. त्यांनी पिशवीतून गॅसचा मीटर काढलाच नाही. आधी आतल्या युनिटची जाळी काढून उजेडात धरली. मग बाल्कनीत जाऊन तांब्याच्या पाइपचा जोड बघितला आणि मला बोलावलं. पितळेच्या नटाखाली बोटभर काळपट, तेलकट डाग होता, त्यावर धूळ चिकटून बसलेली. त्यांनी डब्यात साबणाचा फेस केला, ब्रशने जोडावर लावला आणि थांबले. थोड्या वेळाने एका बाजूने बारीक बुडबुडा फुगू लागला. फुटला, पुन्हा फुगला.

"ताई, गॅस काई पेट्रोल नोहे जी, जळून संपाले. पाइपात बंद राह्यते. कमी झाला म्हंजे कुठून तरी निघून राहिला."

एसीमधला गॅस बंद नळीत गोल फिरत असतो. खोलीतली उष्णता उचलतो, बाहेर नेऊन टाकतो, पुन्हा आत येतो. तो वापरला जात नाही. गळती नसेल तर वर्षानुवर्षं तोच गॅस चालतो. गळतीतून गॅस सुटला की कॉम्प्रेसरचं थोडं तेलही त्याच्याबरोबर बाहेर येतं, म्हणून तो डाग. म्हणजे 'दर वर्षी गॅस भरायचा असतो' हे जे आपण एकमेकांना सांगतो, ते खरं नाही. गळती न शोधता भरलेला गॅस हवेत जातो, आणि आपले पैसेही. एसीतले बहुतेक प्रचलित गॅस हवेत सुटले की पृथ्वी तापवतात. आजकालच्या एसीत सर्रास असणारा आर-३२ घ्या. कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत त्याची पृथ्वी तापवायची ताकद जवळपास पावणेसातशे पट आहे, आणि त्याच्या आधीच्या आर-४१०ए ची तर दोन हजार पटींच्या वर.

भाऊंनी जोड कापून नवीन फ्लेअर (नटात घट्ट बसणारं पाइपचं पसरट तोंड) काढला, व्हॅक्यूम पंप लावला आणि बराच वेळ तो नुसता चालू ठेवून स्टुलावर बसून राहिले. पाइपात हवा आणि ओल राहिली तर तेल खराब होतं आणि पुढे कॉम्प्रेसर मरतो, म्हणून हा पंप. वेळ वाचवायला अनेक जण तो लावतच नाहीत, थोडा गॅस सोडून हवा ढकलून देतात. गिऱ्हाइकाला कळायचा प्रश्नच नाही. मग वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून, बाहेरच्या युनिटच्या पाटीवर जेवढे ग्रॅम लिहिले होते तेवढाच गॅस भरला. तो एसी त्यानंतर गॅससाठी कधीच उघडावा लागला नाही.

तेव्हापासून माझं त्यांच्या दुकानात येणं-जाणं सुरू झालं. दुकान लहान आहे. फेब्रुवारीत गेलात तर दारातच कूलरच्या ताट्या, म्हणजे पाणी झिरपायच्या बाजूच्या जाळ्या, रचलेल्या दिसतात, एक म्हातारे कारागीर खाली बसून वूड वूल (लाकडाचा बारीक भुसभुशीत कीस) सारखं पसरून जाळी आवळत असतात, आणि खसच्या ताटीवर पाणी पडलं की सगळ्या दुकानात वास भरतो. आत जुने कॉम्प्रेसर, भिंतीला टांगलेली तांब्याच्या पाइपची वेटोळी, आणि एका तारेत ओवलेल्या जुन्या पावत्या. भाऊंनी आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा दोन वर्षांचा कोर्स केला, मग दुसऱ्याच्या हाताखाली काम केलं, मग हे दुकान टाकलं. दुपारी गर्दी नसली की ते बोलतात, आणि त्यांच्या बोलण्यातून मला माझ्याच गावाची हवा नव्याने कळली.

एसी विकून जास्त सुटतं, तरी भाऊ कितीतरी लोकांना कूलरच घ्यायला सांगतात. नागपूरचा एप्रिल-मे कोरडा असतो. कोरड्या हवेत ताटीतलं पाणी भराभर उडतं, आणि उडताना हवेतली उष्णता शोषून घेतं. एक लिटर पाणी उडालं की साधारण दोन-तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता ओढली जाते. कूलरच्या पंख्याला आणि पंपाला मिळून दोन-एकशे वॅट लागतात, दीड टनाच्या एसीला दीड हजारच्या आसपास. मुंबईच्या दमट हवेत ही किमया चालत नाही, आणि आपल्याकडेही जून संपता संपता कूलर नुसती चिकचिक करतो. पण त्याआधीचे तीन महिने तळमजल्याच्या घराला कूलर पुरतो, असं ते तोंडावर सांगतात. अट एकच, समोरची खिडकी उघडी हवी. "कूलर लावता आन खिडक्या बंद करता, तं हवा जाईन कुठून?" हे वाक्य मी त्यांच्या दुकानात प्रत्येक वेळी ऐकते.

एसीच घ्यायचा म्हटलं तर ते आधी घराबद्दल विचारतात. कितवा मजला, वर उघडा स्लॅब आहे का, पश्चिमेची भिंत कोणत्या खोलीची, झोपतात किती जण. शेवटच्या मजल्यावरच्या एका कुटुंबाला त्यांनी आधी गच्चीला पांढरा रंग मारून घ्या, मग एसीचं बघू, असं सांगितलेलं मी स्वतः ऐकलंय. आणि तापमानाबद्दल त्यांचा आग्रह: २६ वर ठेवा, छताचा पंखा सावकाश सोडा. २०२० च्या जानेवारीपासून स्टार लेबलचे एसी चालू करताच २४ वर येतील अशी सोय सक्तीची झाली, तरी लोक रिमोट हातात आला की १८ दाबतात. एक अंश वर गेलो की सहा टक्क्यांच्या आसपास वीज वाचते, असं ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी ही वीजबचतीचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था सांगत आलीय.

एक गोष्ट जीव तोडून सांगायची आहे. लोखंडी कूलर, पाणी आणि वीज एकत्र येतात, आणि विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लेकरं जातात. चालू कूलरमध्ये पाणी भरणं, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून टाकीला हात लावणं, दोन पिनांचा प्लग. भाऊ कूलर पोचवायला गेले की आधी त्या घराचं अर्थिंग तपासतात. नसेल तर कूलर जोडून देत नाहीत, इलेक्ट्रिशियनला बोलवा म्हणतात. लोक चिडतात. तुम्ही चिडू नका. अर्थिंग करून घ्या, बोर्डात तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, पाणी भरताना प्लग काढा. आणि आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करून घासा, डेंग्यूचा डास त्याच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो.

हिवाळ्यात हेच दुकान गीझरचं होतं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने एलिमेंटवर क्षारांचा जाड थर बसतो, तो खरवडायचं काम डिसेंबरभर चालतं. तेव्हा एक गिऱ्हाईक गॅस गीझर घेऊन आलं होतं, बाथरूमच्या आत बसवून द्या म्हणून. बाथरूमला एक लहानशी खिडकी, तीही काच लावून बंद. भाऊ नाही म्हणाले. तो माणूस दुप्पट मजुरी द्यायला तयार झाला. तरी नाही. बंद जागेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आंघोळ करणाऱ्याला चक्कर येते आणि दाराची कडी काढायचंही बळ उरत नाही. "मी लावून देणार नाई, आन दुसऱ्याकडूनबी आत लावू नका, बाहेर लावा," एवढं त्यांनी दोनदा बजावलं. तो माणूस रागावून गेला, परत आला नाही. त्या दिवशी दुकानाचं नुकसान झालं, आणि त्याची पावती कुठेच फाडली गेली नाही.

आता ज्या कारणाने लिहायला बसले त्याकडे येते. यंदा भाऊंनी घरी येऊन तपासणी करायचे दर तीनशेवरून चारशे केले. जुन्या गिऱ्हाइकांना त्यांनी स्वतः फोन करून कारण सांगितलं. त्यांनी कामावरच्या मुलांसाठी अंगभर बांधायचे सेफ्टी बेल्ट आणि दोर घेतलेत. आमच्याच सोसायटीतल्या काही जणांनी त्यावर 'आम्ही दुसरा बघू' असं उत्तर दिलं. हे मला फार लागलं.

आपल्या इमारतींचे आउटडोअर युनिट कुठे टांगलेत, ते एकदा खाली उभं राहून बघा. चौथ्या मजल्याच्या भिंतीला दोन लोखंडी ब्रॅकेट, आणि तिथे पोचायला खिडकीचा हातभर छज्जा. वीस-बावीस वर्षांचा मुलगा एका हाताने ग्रिल धरून दुसऱ्या हाताने नट फिरवतो, मे महिन्यात, तापलेल्या पत्र्याला टेकून, आणि आपण आतून विचारतो, अजून किती वेळ? नवीन गॅसही पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. आर-३२ थोडाफार पेट घेतो, काही एसीत तर प्रोपेन हा सहज पेटणारा गॅस असतो. ही कामं शिकलेल्या हातांनीच व्हायला हवीत. २०१९ मध्ये केंद्र सरकारने जो इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन आणला, त्यातही एक लाख सर्व्हिस तंत्रज्ञांना प्रशिक्षण द्यायचं उद्दिष्ट होतं. म्हणजे या कामाचं मोल सरकारी कागदावर मान्य आहे. आपल्या दारात मात्र शंभर रुपयांवर घासाघीस.

भाऊ नवतप्यात मुलांना दुपारी बारा ते चार गच्चीवर किंवा छज्ज्यावर पाठवत नाहीत. "माह्या पोरायले काई झालं तं त्यायच्या मायले मी काय सांगू?" एवढंच त्यांचं म्हणणं. यावरून त्यांना फोनवर काय काय ऐकावं लागतं, ते मी दुकानात बसून ऐकलंय. गरमीने जीव घाबरा होतो हे मला समजतं, माझ्याही घरात आजारी माणूस आहे. म्हणूनच सांगते, एसीची सर्व्हिसिंग फेब्रुवारीत करून घ्या. जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली स्वतः धुवा, त्याला कोणी लागत नाही. दुरुस्तीवाला आला की गळती कुठे सापडली ते दाखवायला सांगा, व्हॅक्यूम पंप लावणार का ते विचारा, गॅस वजनावर भरायला सांगा. 'कॉम्प्रेसर गेला' असं कोणी म्हटलं तर आधी कॅपॅसिटर (मोटर सुरू करायला लागणारा छोटा भाग) तपासला का ते विचारा, काही शे रुपयांचा तो भाग बदलून कित्येकदा काम भागतं. आणि 'काही झालेलं नाही, चालू द्या' असं उत्तर मिळालं तर तपासणीचे पैसे पूर्ण द्या, पाणी विचारा.

येत्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी एक विषय ठेवलाय. गच्चीच्या कठड्याच्या आत, स्लॅबमध्ये पक्क्या लोखंडी कड्या बसवून घ्यायच्या, दर विंगला निदान दोन, म्हणजे बेल्टचा दोर बांधायला जागा होईल. सध्या मुलं तो पाण्याच्या पाइपला बांधतात. कड्या कुठे हव्यात ते भाऊ येऊन खडूने खुणा करून देणार आहेत, त्याचे पैसे घेणार नाही म्हणालेत, पण आपण द्यायचे. बसवायचं काम आपल्या इमारतीचे स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगतील त्या पद्धतीनेच होईल. सोसायटीतले जे कोणी हे वाचत असतील त्यांनी सकाळी दहाला गच्चीवर या, उन्हं चढायच्या आत उरकू.