आईचं घर आम्ही एजंटशिवाय विकलं, त्याबद्दल

काल रात्री डोंबिवलीहून काकूंचा फोन आला. काकू म्हणजे आईच्या शेजारच्या, तीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेल्या. त्यांनाही आता फ्लॅट विकून मुलाकडे बेंगळुरूला जायचंय. "तुम्ही कसा एजंटशिवाय विकलात, तसाच आम्हीही विकणार गं. दोन टक्के कशाला घालवायचे?" असं त्या अगदी कौतुकाने म्हणाल्या आणि मला रात्रभर झोप लागली नाही. आमचा फ्लॅट विकला गेला एवढंच त्यांना माहीत आहे. कसा विकला गेला ते आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणून आज सगळं लिहितेय. मोठं झालंय, पण ज्यांच्या घरी असा विषय चालू आहे त्यांनी कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

बाबा गेल्यावर आई नाशिकला माझ्याकडे आली. फ्लॅट १९९४ चा, दुसरा मजला, लिफ्ट नाही, पण स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. साधारण ५८ लाख येतील असा अंदाज होता. दोन टक्के दलाली म्हणजे १ लाख १६ हजार. मी आणि मस्कतचा दादा, आम्ही दोघांनी फोनवर हिशोब केला आणि ठरवलं की घर आपलं, कागद आपले, मग मधल्या माणसाला सव्वा लाख कशाचे? हे पैसे गिऱ्हाईक आणून देण्याचे असतात असं तेव्हा वाटायचं. गिऱ्हाईक तर एका जाहिरातीवर येतं. आपल्याला जे विचारायचा संकोच वाटतो ते आपल्या वतीने विचारणारं आणि जिथे नाही म्हणायला हवं तिथे नाही म्हणणारं कुणीतरी लागतं, हे मला सात-आठ महिन्यांनी कळलं.

वेबसाइटवर जाहिरात टाकल्यावर पहिल्या दिवशी चाळीसेक फोन आले, त्यातले तीसपेक्षा जास्त एजंटांचेच. एक फोन "लष्करातून" होता. गोड बोलणारा माणूस, पोस्टिंग लांब आहे, फ्लॅट फोटोवरूनच पसंत आहे, टोकन लगेच पाठवतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करा. माझी मुलगी शेजारी बसली होती म्हणून वाचले. लक्षात ठेवा, पैसे घेण्यासाठी कधीही कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात.

किमतीचंही सांगते. शेजारी म्हणतात "वरच्यांचा ६५ ला गेला", तो आकडा धरून बसू नका. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्च आहे, तिथे आपल्याच भागातल्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, बघता येते. कागदावर व्यवहार कितीला झाला ते त्यात असतं. आम्ही हे शेवटी बघितलं, आधी बघायला हवं होतं.

आता चहाबद्दल. गिऱ्हाईक घर बघायला यायचं त्या दिवशी आम्ही दोघी पंचवटी एक्सप्रेसने कल्याणला उतरून लोकलने डोंबिवलीला जायचो. आई आधी ओटा पुसायची, मग चहा टाकायची. माणसं घरी आलीत, चहा तर हवाच. आणि चहा देता देता आई बोलायची. "आता इथे कुलूप लावून काय ठेवायचंय? विकून मोकळं झालेलं बरं. माझाही जीव इथे लागत नाही हो." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. समोरच्या माणसाने कपातला चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "मग ५५ मध्ये बसवा ना, आजी." तीन लाख त्या एका वाक्यात गेले. त्यानंतर आम्ही ५५ च्या वर जाऊच शकलो नाही, कारण आई त्याला "बघू" म्हणाली होती आणि तिच्या लेखी तो शब्द होता. मी आईला दोष देत नाही. तीस वर्षं जिथे संसार केला तिथे उभं राहून घासाघीस करणं तिला जमणं शक्यच नव्हतं. मलाही नाही जमलं. चांगला एजंट पहिल्याच दिवशी सांगतो की घर दाखवताना मालकांनी घरात थांबू नये.

तो माणूस आणि त्याची बायको खरंच चांगले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी यूपीआयने ५१ हजार टोकन पाठवलं. मी व्हॉट्सअॅपवर लिहिलं, "टोकन मिळालं. ५५ लाखांना नक्की. अभिनंदन!" आमच्या सगळ्या त्रासाचं मूळ हा मेसेज. त्यात मुदत नव्हती, लोन नाही झालं तर काय ते नव्हतं, टोकन परत की जप्त ते नव्हतं, घराची कागदपत्रं कशी आहेत याचा उल्लेख नव्हता. "तुमचं लोन मंजूर आहे का? मंजुरीपत्र दाखवता का?" एवढं विचारायला मला लाज वाटली. सज्जन माणसांना असं कसं विचारायचं?

लोन झालं नाही, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. आमच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्रच, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखलाच नाही. डोंबिवलीत त्या काळच्या कितीतरी इमारतींची हीच गत आहे, माणसं तीस वर्षं सुखाने राहतात आणि विकायला काढलं की कळतं. दोन बँकांनी फाईल परत केली. मे महिना, जून, जुलै गेला. ऑगस्टमध्ये खालच्या दुकानातल्या एजंटशी सहज बोलणं झालं, तर तो म्हणाला, "अहो, तुमच्या बिल्डिंगमध्ये चार फ्लॅटना त्या सहकारी बँकेने कर्ज दिलंय, तिथे का नाही गेलात?" तीन महिने आम्ही ज्यासाठी खेटे घालत होतो ते त्याला तोंडपाठ होतं. पण तोवर त्या जोडप्याचं क्रेडिटचं काहीतरी बिनसलं होतं, आणि ते गावची जमीन विकून पैसे उभे करतो म्हणत होते.

मध्येच आणखी एक गोष्ट निघाली. फ्लॅट बाबांच्या नावावर, आई नॉमिनी. सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर आईचं नाव लावून दिलं होतं, म्हणून आम्ही समजत होतो की आई मालक. वकील म्हणाले, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बाबांनी मृत्युपत्र केलेलं नाही, म्हणजे आई, दादा आणि मी असे तिघे सारख्या वाट्याचे वारस. तिघांच्याही सह्या लागणार. त्यात दादा अनिवासी. तो विकणाऱ्यांत राहिला तर त्याच्या वाट्यावर खरेदीदाराला नेहमीच्या एक टक्क्याऐवजी अनिवासींच्या चढ्या दराने टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापावा लागतो, आणि बहुतेक गिऱ्हाइकं तिथेच मागे फिरतात. दादा गणपतीला दहा दिवस आला तेव्हा आम्ही दोघांनी सब रजिस्ट्रारकडे जाऊन आईच्या नावे हक्कसोडपत्र नोंदवलं. तो आला नसता तर मस्कतच्या दूतावासातून मुखत्यारपत्र करून आणावं लागलं असतं आणि आणखी महिने गेले असते. तुमच्या घरात कुणी गेलं असेल, तर हे विक्रीच्या आधी करा. गिऱ्हाईक दारात उभं असताना भावंडांच्या सह्या गोळा करताना नाती ताणतात. आमची नाही ताणली, हे आमचं नशीब.

सप्टेंबरमध्ये दुसरं गिऱ्हाईक आलं, त्याच सहकारी बँकेचं मंजुरीपत्र हातात घेऊन, ५६ लाखांना. पहिल्या जोडप्याला मी फोन करून सांगितलं की आता थांबता येणार नाही, तुमचं टोकन परत करते. ते काही बोलले नाहीत. नव्या गिऱ्हाइकाच्या वकिलांनी रीतीप्रमाणे वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, कुणाची हरकत असेल तर चौदा दिवसांत कळवा. बाराव्या दिवशी पहिल्या जोडप्याच्या वकिलांची हरकत आली. सोबत माझ्या व्हॉट्सअॅप मेसेजचा फोटो. "५५ लाखांना नक्की. अभिनंदन!"

तो मेसेज पुरावा होऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं. २०१८ मध्ये विशिष्ट अनुतोष कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून तर करार सिद्ध झाला की त्याची पूर्तता करून मागणं खरेदीदाराला आणखी सोपं झालंय. कोर्टात दावा दाखल झाला असता तर वर्षानुवर्षं फ्लॅट अडकला असता. शेवटी वकिलांनी समोरासमोर बसवून तडजोड केली. टोकन परत, वर एक लाख, आणि फ्लॅटवर त्यांचा काही हक्क राहिलेला नाही असं त्यांच्याकडून लेखी. त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी त्या घरात पोरांचं टेबल कुठे ठेवायचं तेही ठरवलं होतं. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही एक तारीख सांगितली असती तर आम्ही आस लावली नसती." याचं मला आजही वाईट वाटतं. माझ्या संकोचामुळे त्यांचंही नुकसान झालं.

मधल्या काळात "एवढे व्हाइट, एवढे कॅश" म्हणणारेही भेटले. आम्ही नाही म्हणालो. जमीन-घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रक्कम रोखीने घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्यावर बसू शकतो, २०१५ पासून तसा नियम आहे. म्हणजे विकणारा अडकतो. सरकारी मूल्यदराने येणारी किंमत करारातल्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त असली तर आयकर खातं सरकारी दरच धरतं, ते वेगळंच.

५० लाख किंवा त्याहून वरच्या व्यवहारात खरेदीदार एक टक्का टीडीएस कापतो, हे बहुतेकांना माहीत असतं. पण तो आपल्या पॅनवर जमा झाला का ते आपण बघायचं असतं. खरेदीदार नवरा-बायको दोघं असतील तर प्रत्येकाचा फॉर्म वेगळा. आणि आईचं पॅन आधारशी जोडलेलं नव्हतं! तसंच राहिलं असतं तर एकऐवजी वीस टक्के कापायची वेळ आली असती. ऐनवेळी लक्षात आलं.

आणि सगळ्यात जास्त भीती मला जिथे वाटली ते सांगते. नोंदणीच्या दिवशी अंगठा दिला, फोटो काढला, सही झाली, तेव्हा आईच्या खात्यात किमतीचा जेमतेम पाचवा हिस्सा आला होता. बाकीचा बँकेचा, तो नोंदलेला करार बघूनच निघतो. म्हणून करारात हे वाक्य असायलाच हवं की पूर्ण रक्कम जमा झाल्यावरच ताबा. आमच्यात वकिलांनी घातलं होतं. तरी चार दिवसांनी नव्या कुटुंबाचा फोन आला, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आहे, घट मांडायचाय, चावी द्याल का? आई लगेच हो म्हणणार होती. देवाच्या कामाला कोण नाही म्हणेल? मी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "पूजेला घर उघडून द्या, चावी देऊ नका." मग आम्ही स्वतः गेलो, दार उघडलं, त्यांनी घट मांडला, कथा वाचली, आईने प्रसाद घेतला आणि संध्याकाळी आम्ही आमचंच कुलूप लावून परत आलो. वाईट कुणालाच वाटलं नाही. आधीच्या वेळी मला हे असं बोलता आलं असतं तर!

बँकेचे पैसे त्यानंतर अकरा दिवसांनी आले. तेव्हा चावी दिली.

माझं मत विचाराल तर एजंट घ्याच असं मी सरसकट म्हणणार नाही. आम्हाला रोखीची कल्पना देणाऱ्यांत एक एजंटही होता. महारेराची, म्हणजे राज्याच्या घरबांधणी नियामकाची, एजंटांसाठीची नोंदणी आणि परीक्षा मुख्यतः नव्या प्रकल्पांसाठी आहे, जुन्या इमारतीतल्या फेरविक्रीला ते कवच मिळेलच असं नाही. तेव्हा इमारतीतल्या चार जणांना विचारून, ज्याचं दुकान तिथेच वीस वर्षं आहे असा माणूस बघा. आणि एजंट नसेल घ्यायचा तर वकील पहिल्या दिवसापासून घ्या. भांडण झाल्यावर घेतलेल्या वकिलाला आम्ही ३५ हजार दिले. विसारपावती, म्हणजे टोकन घेताना अटींसकट करायचा कागद, लिहून द्यायला त्यांनी त्याच्या पाव भागही घेतले नसते. आईवडिलांचं घर असेल, तर मी तरी यापुढे मधला माणूस घेईनच. ज्या घरात आपण वाढलो तिथे उभं राहून आपल्याला कठोर होता येत नाही, आणि होता येऊही नये.

काकूंना आज सकाळी परत फोन केला. पहिला प्रश्न विचारला, टोकन घेतलंत का? म्हणाल्या, "नाही गं, उद्या येतायत ते लोक, फार चांगली माणसं आहेत." त्यांना सांगितलंय की चहा द्या, पैसे घेऊ नका आणि आकडा बोलू नका. मी उद्या सकाळच्या पंचवटीने निघतेय. आमच्या वकिलांनी नंतर करून दिलेला विसारपावतीचा मसुदा बरोबर घेतलाय. कुणाला हवा असेल तर मेसेज करा, पाठवते.