मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

आज खंडेनवमी. सकाळपासून सगळ्या ग्रुपवर पूजेचे फोटो. कुणाचा लॅपटॉप, कुणाचा स्टेथोस्कोप, कुणाच्या आजोबांची पटाशी नि रंधा. बघायला छान वाटतं. दुपारी मात्र एक व्हिडिओ आला आणि डोकं फिरलं.

पाटावर लाल कापड, त्यावर पिस्तूल, शेजारी मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी), झेंडू, हळदकुंकू, मूठभर अक्षता. पूजा उरकल्यावर घरातले काका ते उचलतात. बोट थेट ट्रिगरवर. मॅगझिन खटकन बसवतात, सिनेमात करतात तशी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढून सोडतात, सगळे हसतात. मग मॅगझिन काढतात आणि पिस्तूल नऊ-दहा वर्षांच्या पोराच्या हातात देतात. "घे रे, रिकामं आहे." पोरगं कॅमेऱ्याकडे नेम धरतं. खाली नुसता हात जोडलेल्यांचा आणि "जय भवानी"चा पाऊस. एकानेही विचारलं नाही की काका, चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाचं गोळी बसायचं घर, बघितलं का?

मॅगझिनमध्ये गोळ्या होत्या की नव्हत्या ते व्हिडिओत दिसत नाही. नसतीलही. पण मोबाइल धरणाऱ्या माणसाचा जीव त्या "नसतीलही"वर टांगलेला होता. कारण काकांनी जे केलं तो पिस्तूल रिकामं करण्याचा नव्हे, भरण्याचा क्रम आहे. मॅगझिन बसवलं, स्लाइड ओढून सोडली, की सगळ्यात वरची गोळी चेंबरमध्ये जाऊन बसते. त्यानंतर मॅगझिन काढलं तरी ती गोळी तिथेच राहते. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला म्हणून रबरी नळीतला गॅस गेला असं होत नाही ना, तसंच. काही पिस्तुलांत मॅगझिन काढल्यावर ट्रिगर चालूच नये अशी सोय असते. पुष्कळांत नसते. आपल्या पिस्तुलात ती आहे की नाही हे ज्यांना सांगता येत नाही अशा परवानाधारकांची संख्या कमी नाही, आणि ज्यांच्यात आहे त्यांनीही तिच्यावर विसंबायचं नसतं.

बरोबर क्रम असा. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला. बोट ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कडीच्या) बाहेर, फ्रेमवर (पिस्तुलाच्या सांगाड्यावर) सरळ. पहिल्यांदा मॅगझिन काढायचं आणि लांब ठेवायचं, बगलेत किंवा त्याच हातात नाही. मग स्लाइड पूर्ण मागे ओढायची, चेंबरमधली गोळी बाहेर पडू द्यायची. ती झेलायला जायचं नाही. तळहात स्लाइडच्या खिडकीवर ठेवून गोळी पकडण्याची जी स्टाइल आहे, तिच्यात गोळी इजेक्टरवर (तिला बाहेर फेकणाऱ्या भागावर) आपटून तिथेच, तुमच्या हाताखाली फुटू शकते. मग स्लाइड मागे अडकवायची आणि बघायचं. नुसतं बघायचं नाही, करंगळीचं टोक घालून चेंबर चाचपायचं, कारण एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे गोळी मागे ओढणारी आकडी, तुटला असेल तर स्लाइड कितीही ओढा, गोळी आतच राहते आणि आपल्याला वाटतं काम झालं. मॅगझिनच्या जागेतही बोट घालायचं. नजर दुसरीकडे फिरवून परत एकदा बघायचं. दुसऱ्याच्या हातात द्यायचं तर याच अवस्थेत, स्लाइड उघडी. आणि घेणाऱ्यानेही स्वतः तपासायचं. समोरचा कितीही ज्येष्ठ असला तरी. इथे मान राखायचा नसतो.

क्रम उलटला की काय होतं? आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर एक गोळी बाहेर पडते, डोळ्यांना दिसते, मनाला समाधान होतं, आणि स्लाइड पुढे जाताना दुसरी गोळी उचलून चेंबरमध्ये भरते. आता बाहेर एक गोळी पडलेली, मॅगझिन हातात, पिस्तूल भरलेलं. "साफ करताना गोळी सुटली" म्हणून बातम्यांत जे येतं, त्यातल्या बऱ्याच बातम्यांच्या पोटात हा एवढाच उलटा क्रम असतो. त्यात काही पिस्तुलं अशी, की ती खोलायचीच तर आधी ट्रिगर दाबावा लागतो. त्यामुळे साफसफाईला बसताना काडतुसं त्या खोलीतही नकोत. आणि सगळं जोडून, पुन्हा भरून झाल्यावर "एकदा ट्रिगर बघू नीट चालतोय का" असं ज्यांना वाटतं, त्यांनी कृपा करून परवाना परत करावा.

सेफ्टी लावली होती, हे दुसरं लाडकं उत्तर. सेफ्टी म्हणजे झिजणारी, वाकणारी, मळ धरणारी लोखंडी कळ. अनेक रिव्हॉल्व्हरना तर हाताने लावायची सेफ्टी नसतेच. बोट ट्रिगरच्या बाहेर हीच खरी सेफ्टी. माणूस दचकला, अडखळला, किंवा दुसऱ्या हाताने काहीतरी घट्ट धरलं, की पिस्तुलाचा हातही आपोआप आवळतो. बोट ट्रिगरवर असेल तर तेवढं पुरतं. घोडा (ट्रिगर नव्हे, मागचा हातोडा) चढवलेल्या रिव्हॉल्व्हरच्या ट्रिगरला साधारण दीड-दोन किलोचा दाब लागतो, घोडा न चढवता पाच किलोच्या आसपास. "लहान मुलाला पाच किलो कुठे झेपणार" म्हणणाऱ्यांनी एकदा पोर रिकामं खेळण्यातलं पिस्तूल कसं धरतं ते पाहावं. दस्ता छातीकडे, दोन्ही अंगठे ट्रिगरवर, नळी स्वतःच्या तोंडाकडे.

त्या व्हिडिओतली दुसरी गोष्ट कुणाच्या लक्षातही आली नसेल. अक्षता आणि कुंकू. पूजा करू नका असं मी म्हणत नाही, चिडू नका. पण कुंकवाची पूड तेलात कालवली की राड होते, आणि पिस्तुलात तेल असतंच. ती पूड चेंबरच्या मागच्या बाजूच्या बारीक भोकातून फायरिंग पिनच्या, म्हणजे काडतुसावर आदळणाऱ्या सुईच्या, वाटेत गेली आणि पिन पुढे अडकली, तर स्लाइड बंद होताक्षणी गोळी उडू शकते, ट्रिगरला हात न लावता. अक्षतेचा दाणा ट्रिगरमागे किंवा घोड्याच्या खाचेत बसला तर कुठली गोष्ट कुठे अडकेल सांगता येत नाही. झेंडूची पाकळी नळीत राहिली तर तो अडथळाच. ओल्या गंधाने गंज, हा त्यातल्या त्यात साधा तोटा. काडतुसांवर निरांजनातलं तेल सांडलं आणि ते टोपीपर्यंत (काडतुसाच्या बुडातली, ठिणगी पाडणारी) झिरपलं, तर गोळी उडणारच नाही किंवा उशिरा उडेल. म्हणजे ट्रिगर दाबला, नुसतं "टिक्" झालं, माणसाने नळी फिरवून आत डोकावलं आणि तेवढ्यात ती उडाली. टिक् झालं की नळी समोरच ठेवून किमान तीस सेकंद थांबायचं असतं. आणि नेहमीच्या धडाक्याऐवजी फुसका आवाज आला तर त्याहून वाईट, गोळी नळीत अडकलेली असू शकते. पुढचा बार नळी फोडतो. लगेच थांबायचं, रिकामं करायचं, नळी तपासायची.

"अपघातांत रस्त्यावर रोज कितीतरी जास्त माणसं मरतात" असं म्हणाल. मान्य. पुढे.

रिव्हॉल्व्हरवाल्यांनी निवांत बसू नये. जुन्या बनावटीच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा आणि टोपी यांच्यामध्ये आडवं काहीच नसतं. घोडा थेट काडतुसावर टेकलेला. घोड्यावर पडलं की बार. म्हणून तर अमेरिकेत १८७३ च्या कोल्टमध्ये सहा घरं असून जाणती माणसं पाचच काडतुसं भरत आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली, तेव्हा ते हातातून निसटलं असं सांगितलं गेलं. आपलं मॉडेल पडल्यावर सुरक्षित आहे का, हे चांगल्या बंदूक कारागिराला विचारा, नेटवरच्या मित्राला नको. आणि पडतंय असं दिसलं तर झेलू नका, पडू द्या. झेलताना हात हमखास ट्रिगरवर जातो.

होल्स्टरशिवाय, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानाशिवाय, कमरेला खोचणं ही तर आपल्याकडची खास मर्दुमकी. बसताना पोटाची वळी, शर्टाचा शेव, जॅकेटची दोरी, काहीही ट्रिगर गार्डमध्ये शिरतं. मऊ पडलेलं जुनं चामडी होल्स्टरही तेच करतं, त्याची कड आत वळते आणि खोचताना ट्रिगर दाबला जातो. ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर एवढाच उपाय आहे.

सुरक्षित दिशा म्हणजे कुठली, हे फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला कोण सांगतो? वर छताकडे म्हणाल, तर वर कुणीतरी राहतं. खाली म्हणाल, तर फरशीवरून गोळी उसळते. आतल्या चार इंची भिंतीवर भरवसा नको. कोथरूड असो की वाकड, सातव्या मजल्यावर सुरक्षित दिशा आपल्याला बनवावी लागते. रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा, काठोकाठ कोरडी वाळू. भरणं-रिकामं करणं त्याच्यावर नळी रोखून, उभ्याने, एकट्याने, टीव्ही बंद करून. खर्च जवळजवळ नाही. ज्यांच्याकडे पिस्तूल आहे त्यांच्यापैकी किती जणांकडे हा डबा आहे? विचारून बघा.

पुण्यात बालेवाडीच्या नेमबाजीच्या रेंजवर जा कधीतरी. दहा मीटरच्या एअर पिस्तुलाचा ट्रिगर अर्ध्या किलोवर सुटतो, म्हणजे बोट टेकल्यासारखंच. तरी शिस्त बघा. शस्त्र हातावेगळं करताना चेंबरमधून आरपार भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग, म्हणजे दुरूनही दिसावं की आत काही नाही. पुढे लक्ष्याकडे माणूस गेला की कुणी शस्त्राला स्पर्श करत नाही. हे सगळं ४.५ मिलिमीटरच्या छऱ्यासाठी. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ ला नेमबाजीत कांस्य जिंकणारा आपला स्वप्नील कुसळे याच वातावरणातून गेला. आणि ज्याच्या गोळीने माणूस मरतो, त्याच्याशी आपण सेल्फी काढतो.

बँकेच्या दारातल्या वॉचमनवर मात्र राग येत नाही. तुटपुंज्या पगारात बारा तास स्टुलावर. हातात बारा बोर, तिचीही कधी देखभाल झालेली नसते, बाहेरच्या घोड्याची खाच झिजलेली. सरावाला वर्षाकाठी मूठभर काडतुसंही कुणी देत नाही. नळी खाली टेकून दस्त्यावर हनुवटी ठेवून, नाहीतर उलट, तोंड वर करून तो पेंगतो. ती पडली तर दोष त्याच्या एकट्याचा कसा? एजन्सीने त्याला निदान एवढं तरी शिकवावं, की बंदूक कोपऱ्यात टेकवून ठेवायची नाही, मधल्या बिजागरीवर वाकवून उघडी ठेवली तर ती रिकामी आहे हे सगळ्यांना दिसतं. आणि बारा बोरच्या काडतुसांत वीस बोरचं एकही मिसळू द्यायचं नाही. बोरचा आकडा मोठा तितकं काडतूस बारीक, त्यामुळे ते चेंबरमधून पुढे सरकून नळीत अडकतं, मागून बारा बोरचं बसतं, मग नळी फुटते. वीस बोरचं काडतूस पिवळं करतात ते याचसाठी.

"चुकून झालं हो" हे कायद्यापुढे फारसं चालत नाही. शस्त्र कायदा १९५९ चा, पण २०१९ च्या दुरुस्तीने निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुणी मेलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. परवाना जातो तो वेगळाच. २०१६ च्या शस्त्र नियमांत प्रशिक्षण आहे, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमीही आहे. कागदावर सही करताना ती वाचायची असते.

घरात ठेवायचं ते रिकामं, पोलादी कपाटात, काडतुसं वेगळ्या कुलपात, दोन किल्ल्या दोन ठिकाणी. "मग चोर आला तर?" हा प्रश्न येणारच, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, तेही मान्य. पण उशीखाली भरलेलं पिस्तूल ठेवणाऱ्याच्या घरात चोरापेक्षा नातू जास्त वेळा येतो. ट्रिगर लॉक लावायचं तर रिकाम्यालाच. भरलेल्यावर लॉक बसवताना त्याचा दांडाच ट्रिगरला लागतो. केबल लॉक बरं, ते चेंबरमधून जातं, म्हणजे बसवायलाच आधी रिकामं करावं लागतं.

निवडणुका आल्या की शस्त्रं ठाण्यात जमा करावी लागतात. तिथे रांग असते, गडबड असते, टेबलापलीकडे हवालदार, अलीकडे चार माणसं. पिस्तूल तिथे उघडून रिकामं करायला निघू नका. घरी, वाळूच्या डब्यावर रिकामं करा, काडतुसं मोजून वेगळ्या पिशवीत, स्लाइड मागे अडकवलेली, आणि चेंबरमधून बाहेर लोंबणारी एक रंगीत प्लास्टिकची पट्टी. हवालदारसाहेबांना आधी पट्टी दाखवा, मग परवाना.