लिव्हरच्या पेशंटची डाळ बंद करू नका

'लिव्हर सुकलंय? डाळ, दूध, अंडी बंद. गुळवेलीचा काढा सुरू. गोळ्या उष्ण, त्या सोडा. ४० दिवसांत लिव्हर नवं!' सोलापुरात हा मेसेज फिरतोय आणि लोक तो पाळतायत, म्हणून लिहितेय.

डाळ-दूध बंद करणं सगळ्यांत घातक. प्रथिनांपासून बनणारा अमोनिया आजारी लिव्हरला निकामी करता येत नाही; तो रक्तात चढून पेशंट बरळू लागला की पूर्वी डॉक्टरही आहारातली प्रथिनं कमी करायचे. २००४ साली बार्सिलोनातल्या अभ्यासात दिसलं, की नेहमीइतकी प्रथिनं दिल्याने बरळणं वाढत नाही. उलट ती कमी केली की अंगातलीच प्रथिनं जास्त मोडतात. अमोनिया निकामी करायला स्नायूही हातभार लावतात, तेच झडले तर राहिलं काय? म्हणून सिरॉसिसमध्ये, म्हणजे लिव्हर सुकण्याच्या आजारात, आता किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं सांगतात. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. शिवाय अशा लिव्हरमध्ये साखरेचा साठा पुरत नाही, रात्रभराच्या उपाशीपोटी शरीर स्नायू खातं. झोपण्याआधी दुधात चुरलेली भाकरी द्याच. शेंगाचटणी मात्र बेताची: पोटात पाणी असेल तर दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आसपास हवं.

गुळवेल. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या सहा जणांच्या लिव्हरला झालेली इजा नोंदवली, पुढे अनेक शहरांतून ४३ जणांची नोंद आली. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मानला नाही. पण आधीच सुकलेल्या लिव्हरवर हा धोका कशासाठी घ्यायचा?

'गोळ्या सोडा'. कुठल्या? डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या खरंच टाळाव्यात. पण प्रोप्रानोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांवरचा दाब उतरवतात. मनाने बंद केल्या तर रक्ताची उलटी होऊन जीव जाऊ शकतो. शौचावाटे अमोनिया कमी करणारं लॅक्टुलोज हे औषधही तसंच: दिवसातून दोन-तीनदा मऊ शौचाला होईल इतकं चालूच ठेवायचं.

राहिले ४० दिवस. लिव्हर सावरतं, पण मूळ कारण थांबलं तर. दारू असेल तर ती पूर्ण बंद. हिपॅटायटिस सी असेल तर बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्या लागतात आणि ९५ टक्क्यांच्या आसपास लोकांचा विषाणू जातो. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात या गोळ्या मोफत आहेत, सिव्हिलमध्ये चौकशी करा. मात्र सिरॉसिस झालेला असेल तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची, कारण कॅन्सरचा धोका उरतो आणि लहान असताना सापडलेल्या गाठीवर इलाज करता येतो.